जुना रिसीव्हर आणि घरचे टेबल



वसंतातल्या या ज्ञानसत्रात संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय यावेत, अशी रीत आहे. त्या पंक्तीत आज आम्ही एक जुने, धूळ खाल्लेले यंत्र आणून बसवीत आहोत. विषय ऐकून एका स्नेह्यांनी विचारलेही, "यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? यंत्र बिघडले तर दुकानात न्यावे. दुकानदार नाही म्हणाला तर भंगारात घालावे." त्यांच्या या सरळ प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे भाषण. दुकान आणि भंगार यांच्यामध्ये तिसरी एक जागा आहे, आणि ती म्हणजे आपल्या घरातले टेबल. त्या टेबलावर बसून काय करता येते, काय करू नये, आणि ते करताना यंत्रापेक्षा मोठे असे काय राखले जाते, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. रिसीव्हर म्हटले की आपल्याकडे टेलिफोनचा कानाला लावायचा भाग डोळ्यांपुढे येतो. आम्ही म्हणतो तो रिसीव्हर निराळा. ही एक रुंद, जड पेटी असते आणि तिच्या पोटात तीन यंत्रे नांदत असतात. पहिले ट्यूनर, म्हणजे रेडिओ केंद्र पकडणारे. दुसरे पूर्ववर्धक, ते तबकडीच्या किंवा टेपच्या दुबळ्या संदेशाला बाळसे देते आणि खर्ज व तार स्वर कमीजास्त करू देते. तिसरे शक्तिवर्धक, ते स्पीकरचा पडदा हलविण्याचे बळ पुरविते. यातले दोन्ही वर्धक डाव्या आणि उजव्या अशा दोन बाजूंसाठी वेगवेगळे असतात, म्हणून तो स्टिरिओ रिसीव्हर.

दोन बाजूंनी ध्वनी ऐकविण्याची कल्पना जुनी आहे. ॲलन ब्लूमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे अमेरिकेत १ जून १९६१ रोजी एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झाले, आणि त्याची रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. डावा संदेश एका वाटेने आणि उजवा दुसऱ्या वाटेने पाठविला असता, तर ज्यांच्या घरी साधा एकमुखी रेडिओ होता त्यांना गाण्याची एकच बाजू ऐकू आली असती. म्हणून अभियंत्यांनी मुख्य वाटेने दोन्ही बाजूंची बेरीज पाठविली. दोन्ही बाजूंची वजाबाकी त्यांनी ३८ किलोहर्ट्झच्या वरच्या मजल्यावर ठेवली आणि तिची खूण म्हणून १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर सोबत सोडला. जुना रेडिओ फक्त बेरीज ऐकतो आणि त्याला काही उणे भासत नाही. नवा रिसीव्हर ती खूण ओळखतो, बेरीज व वजाबाकी यांवरून डावे-उजवे पुन्हा वेगळे करतो, आणि त्याच्या तोंडावरचा छोटा दिवा लागतो. श्रोतेहो, नवे आणताना जुन्याला घराबाहेर काढायचे नाही, हा निर्णय कोणीतरी जाणूनबुजून घेतला होता. यंत्र आपोआप कालबाह्य होत नसते. त्याला कालबाह्य करायचे की नाही, हे माणसे ठरवीत असतात. आजच्या भाषणाचा धागा आम्ही इथून धरीत आहोत.

या यंत्रांचा बहराचा काळ म्हणजे १९७० ते १९८० हे दशक. सॉल मरांट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये उभी केलेली 'मरांट्झ' ही पेढी १९६४ साली 'सुपरस्कोप'कडे गेली, आणि पुढे तिची बरीच यंत्रे जपानमध्ये तयार होऊ लागली. तिचा १९७१ च्या सुमाराचा २२७० हा रिसीव्हर आजही शौकीन शोधत असतात. पायोनियर, सॅनसुई, केनवुड, यामाहा ही याच पिढीतली नावे. आपल्याकडे ही यंत्रे दुकानांतून फारशी आली नाहीत. आली ती आखाती देशांत नोकरीला गेलेल्या मंडळींच्या सामानातून. आकाशवाणीची एफएम सेवा १९७७ साली मद्रासला सुरू झाली आणि इतर गावांना तिची बरीच वाट पाहावी लागली. त्यामुळे कित्येक घरांत या रिसीव्हरचा ट्यूनर मुका राहिला आणि तो तबकड्या व कॅसेटी यांच्यासाठीच राबला. पुढे टेपही गेला, आणि यंत्र पोटमाळ्यावर गेले.

आता ते खाली उतरवू या. पहिला नियम असा, की उत्साहाच्या भरात त्याची पिन भिंतीत खुपसू नये. आधी त्याची पाठ वाचावी. तिथल्या पट्टीवर व्होल्टेज लिहिलेले असते. अमेरिकी घरासाठी बनलेले यंत्र १२० व्होल्टचे असते आणि आपल्या भिंतीत २३० आहेत. काही यंत्रांना व्होल्टेज बदलण्याची सोय असते. नसेल तर व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवा. ही एक ओळ न वाचल्यामुळे पन्नास वर्षे टिकलेले यंत्र क्षणात जळू शकते.

दुसरा नियम सुरक्षिततेचा, आणि यात सवलत नाही. झाकण काढण्यापूर्वी पिन भिंतीतून उपटून हातात घ्यावी. नुसते बटण बंद करून भागत नाही. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरांत वीज साठून राहते. दहा हजार मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर ४० व्होल्टपर्यंत भरला असेल, तर त्यात आठ ज्यूल ऊर्जा असते. पेचकस टेकवून ती उडविणारे वीर आहेत. त्या ठिणगीने पेचकसाचे टोक वितळते आणि कधी कंडेन्सरही बिघडतो. त्याऐवजी १०० ओहमचा, दहा वॅटचा एक रेझिस्टर घ्यावा, त्याची टोके इन्सुलेशन असलेल्या तारांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना जोडावी आणि पाच-सहा सेकंद थांबावे. मग मीटरने खात्री करावी आणि मगच आत हात घालावा. यंत्र चालू ठेवून मोजमाप करावे लागते, त्या वेळी एक हात पाठीमागे ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय फार शहाणपणाची आहे. घरात दुसरे कोणी नसताना हे काम करू नये. लहान मुलांना दाखवावे जरूर, पण पिन काढल्यावर.

तिसरा नियम सिरीज दिव्याचा. आपल्या गावातल्या कोणत्याही वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो. यंत्राच्या वाटेत शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा जोडायचा; इथे एलईडी दिवा चालत नाही. यंत्र सुरू करताच दिवा क्षणभर उजळला आणि मग मंदावला, तर समजावे की कंडेन्सर भरून घेत होते आणि पुढे सारे ठीक आहे. दिवा भगभगीत जळतच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, आणि ती आग दिव्याने आपल्या अंगावर घेतली आहे. मात्र हा दिवा यंत्राला वाचवितो, माणसाला नाही. विजेचा झटका तो अडवू शकत नाही.

चौथा नियम, पहिल्या दिवशी चांगले स्पीकर जोडू नयेत. शक्तिवर्धकातला एखादा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल, तर ४० व्होल्टची एकदिश वीज थेट स्पीकरच्या गुंडाळीत शिरते. आठ ओहमच्या हिशेबाने तो प्रवाह पाच अँपियर होतो, म्हणजे दोनशे वॅट उष्णता, आणि गुंडाळीची राख. म्हणून स्पीकरच्या टोकांवर आधी मीटर लावावा. गाणे बंद असताना तिथे शून्याच्या आसपास, फार तर काही दशक मिलिव्होल्ट दिसावेत. पूर्ण व्होल्ट दिसू लागले, तर तिथेच थांबावे.

इतके सोपस्कार झाल्यावर निदानाला सुरुवात होते. वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, मग औषध देतो. आमच्या या छंदातले पुष्कळ लोक उलट करतात. ते पहिल्याच दिवशी पुडीभर नवे कंडेन्सर आणतात आणि सरसकट सगळे बदलून टाकतात. कधी यंत्र बोलू लागते. पण कशाने बोलू लागले, हे त्यांना कधीच कळत नाही. कधी पूर्वीचा दोष तसाच राहतो आणि उलट लावलेल्या एका कंडेन्सरचा नवा दोष त्यात पडतो. मग दोनशे डाखांपैकी चूक कुठे झाली, हे शोधायला पुन्हा पहिल्यापासून बसावे लागते.

वास्तविक स्टिरिओ यंत्राने आपल्याला निदानासाठी एक अपूर्व देणगी दिलेली आहे. त्याच्या पोटात डावी आणि उजवी अशी जुळी भावंडे आहेत. तेच भाग, तीच मांडणी, तेच व्होल्टेज. बहुधा एकच बाजू आजारी असते, आणि मग दुसरी निरोगी बाजू आपली शिक्षिका होते. समजा, डावा स्पीकर मुका आहे. यंत्र बंद करून स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. अजूनही तोच स्पीकर मुका असेल, तर दोष स्पीकरचा. आता दुसरा मुका झाला, तर दोष अलीकडे आहे. मग तबकडीयंत्राकडून येणाऱ्या तारांची अदलाबदल करावी; मुकेपणाने बाजू बदलली, तर दोष त्या यंत्रात किंवा तारेत, नाही बदलली तर रिसीव्हरमध्ये. अनेक रिसीव्हरांच्या पाठीवर पूर्ववर्धक आणि शक्तिवर्धक यांना जोडणारा एक छोटा पूल असतो. तो काढून त्याच रीतीने अदलाबदल केली की आजार कोणत्या खोलीत आहे, हेही कळते. अजून एकही डाख सोडविलेला नाही आणि तीन-चतुर्थांश शोध संपला. त्यानंतर मीटर घेऊन निरोगी बाजूचे एकेक व्होल्टेज वहीत लिहावे आणि आजारी बाजूच्या त्याच जागी ते ताडून पाहावे. जिथे आकडे फाटतात, तिथे आजार.

या आजारांचे प्रकारही मोजकेच आहेत. आवाजाचा कान पिळताना खरखर येते, एखादी बाजू येते-जाते. हा बहुतेक वेळा मळ आणि गंज यांचा दोष असतो. संपर्क स्वच्छ करणाऱ्या द्रवाचा एक फवारा कंट्रोलच्या आत मारून तो पन्नास वेळा इकडून तिकडे फिरविला, की यंत्र पुष्कळदा तेवढ्यानेच बरे होते. स्विचांनाही हेच औषध. हा द्रव प्लास्टिकला न खाणारा असावा, आणि ट्यूनिंगच्या पत्र्यांच्या कंडेन्सरवर तो उडवू नये.

दुसरा आजार डाखांचा. वर्षानुवर्षे यंत्र तापते, थंडावते, आणि जड भागांच्या पायांशी डाखाला केसाएवढी चीर पडते. कोरड्या लाकडी काडीने हळूच टकटक केली आणि आवाज आला-गेला, तर तिथे भिंग धरावे. जुना डाख काढून नवा भरणे, हे पाच मिनिटांचे काम. त्या काळच्या डाखात शिसे असते. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

तिसरा आजार वार्धक्याचा, तो कंडेन्सरांचा. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये द्रवाने भिजविलेला कागद गुंडाळून हे भाग केलेले असतात. तो द्रव हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की दहा अंश कमी तापमानात कंडेन्सर दुप्पट टिकतो. म्हणून तापणाऱ्या भागांच्या शेजारचे आधी जातात आणि कोपऱ्यातले कित्येक पन्नास वर्षांनीही ठणठणीत निघतात. आवाज बारीक केला तरी स्पीकरमधून 'घों' असा सूर येत राहतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ती सरळ करून घेतल्यावर लहर उरते ती १०० हर्ट्झची. हा सूर ऐकू आला, तर मुख्य कंडेन्सरांकडे संशयाने पाहावे. नवा घालताना धारकता तेवढीच, व्होल्टेज तेवढे किंवा अधिक, आणि अधिक-उणे टोकांची दिशा दोनदा तपासलेली असावी. उलटा बसलेला कंडेन्सर तापतो आणि फुटतो.

चौथा आजार काही जुन्या छोट्या ट्रान्झिस्टरांचा. चांदीचा मुलामा दिलेले त्यांचे पाय काळे पडतात आणि तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येऊ लागतो. आणि शेवटी दिवे. डायलमागचे छोटे दिवे जातात, त्यांच्या उष्णतेने मागचा पातळ कागदही करपतो. हे बदलणे अगदी सोपे आहे, आणि अंधारलेला डायल निळा-हिरवा उजळतो तेव्हा घरातल्या मंडळींचा या उद्योगावरचा राग निम्मा उतरतो.

आपल्या देशापुरता एक विशेष मुद्दा सांगतो. एफएम केंद्रे तार स्वर मुद्दाम वाढवून पाठवितात आणि रिसीव्हर ते तेवढेच उतरवितो. यामुळे हवेतला फुस्कार दबतो. हे माप अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद आहे, भारतात व युरोपात ५०. अमेरिकेसाठी केलेला रिसीव्हर आपली केंद्रे पकडतो खरा, पण तार स्वर गरजेपेक्षा सुमारे साडेतीन डेसिबल अधिक दाबतो. गाणे जरा ओढणीआडून आल्यासारखे वाटते. काही यंत्रांना यासाठी पाठीवर स्विच असतो. नसेल तर प्रत्येक बाजूचा एक छोटा भाग दोन-तृतीयांश किमतीचा बसविला की ओढणी दूर होते. जपानी घरगुती बाजारासाठी केलेले यंत्र मात्र विकत घेण्यापूर्वी डायल पाहावा. तिथला पट्टा त्या काळी ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा होता. आपला ८८ ते १०८ चा. ही अडचण एका भागाने सुटत नाही.

घरच्या टेबलाला मर्यादाही आहेत. ट्यूनरमधल्या छोट्या गुंडाळ्यांचे गाभे पेचकसाने फिरवून पाहू नयेत. ते जागेवर आणण्यासाठी संकेत देणारे उपकरण आणि सराव लागतो. जुने मोठे ट्रान्झिस्टर बाजारात मिळतात, पण त्यांत नकली माल पुष्कळ असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र घेताना ओळखीचा दुकानदार बरा. मुख्य ट्रान्सफॉर्मरच जळला असेल, तर खर्चाचा हिशेब मन घट्ट करून मांडावा. असे यंत्र दुसऱ्या दोन यंत्रांना आपले अवयव देऊ शकते. तेही मरण वाईट नव्हे.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येऊ. हे सारे कशासाठी? नवे यंत्र स्वस्त आहे, खिशातल्या फोनमध्ये जगातले संगीत आहे. शिवाय हवाही पालटते आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये आपली राष्ट्रीय केंद्रे एफएमवरून काढून घेतली, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने २०२४ च्या अखेरीस तेच केले. उद्या आपल्याकडेही तसे झाले, तर रिसीव्हरचा ट्यूनर मुका होईल; तबकडी आणि फोन जोडण्याच्या खोबणी मात्र चालत राहतील.

आमचे उत्तर असे आहे. हे यंत्र आपण दुरुस्त करू शकतो, याचे श्रेय आपल्या बुद्धीपेक्षा ते करणाऱ्यांकडे अधिक जाते. त्यांनी झाकण स्क्रूंनी लावले, चिकटविले नाही. भाग बोटांत धरता येतील एवढे ठेवले. आणि संपूर्ण मांडणीचा नकाशा, कोणत्या जागी किती व्होल्ट असावेत या आकड्यांसह, दुरुस्तीच्या पुस्तकात छापला. यंत्र विकताना त्यांनी ते समजून घेण्याची वाटही विकली. आज पुष्कळशा वस्तूंच्या बाबतीत ही वाट बंद झालेली आहे. झाकण चिकटविलेले, नकाशा गुप्त, सुटा भाग मिळत नाही. अशी वस्तू आपण विकत घेतो, पण तिचे मालक होत नाही. ती बिघडते त्या दिवशी हे कळते.

या बाबतीत जगभर हालचाल सुरू आहे. आपल्या केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ठेवावी अशी अपेक्षा आहे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीसंबंधी निर्देश संमत केला. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु कायदा फार तर झाकण उघडण्याची परवानगी देईल. ते उघडण्याची हिंमत देऊ शकणार नाही. ती हिंमत हातांत यावी लागते, आणि हातांत येण्यासाठी पेचकस धरावा लागतो. ज्या गावात चारचौघे अशी वही, मीटर आणि सिरीज दिवा घेऊन बसतात, त्या गावातला जुना मेकॅनिकही टिकतो, कारण त्याच्या कामाची किंमत जाणणारे गिऱ्हाईक त्याला मिळते. ज्या गावात कोणीच झाकण उघडीत नाही, तिथे 'हे आता होणार नाही, नवे घ्या' हे वाक्य खरे की खोटे, हे पारखणाराही कोणी उरत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. आपल्या पोटमाळ्यावर असे एखादे यंत्र असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते खाली उतरवा आणि त्याची पाठ वाचा. नकाशा मिळवा. वीज हाताळण्याचा सराव नसेल, तर जाणकाराला शेजारी बसवा. मेकॅनिकला द्यायचे ठरविले, तर त्याच्या टेबलाशी बसून पाहू देण्याची परवानगी मागा. डावी बाजू उजवीशी ताडून पाहण्याइतका धीर ज्याच्यापाशी आहे, त्याला या कामाची पहिली इयत्ता पास झाली असे समजावे. पुढच्या इयत्ता यंत्रच शिकविते.